वाचक विचारतात : इरिट्रियन लग्नघरी जाताना

इरिट्रियातल्या लग्नपद्धतींबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. या देशात नऊ जनसमूहांना मान्यता आहे : तिग्रिन्या, तिग्रे, साहो, अफार, बिलेन, कुनामा, नारा, हेदारेब आणि रशैदा. प्रत्येकाच्या लग्नाची रीत वेगळी. तेव्हा ‘इरिट्रियन लग्न’ असं एकच काही नसतं. खाली वेगळं लिहिलं नसेल तिथे अस्मारा आणि आसपासच्या पठारावरच्या तिग्रिन्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबांची रीत समजावी. परदेशात मराठी माणसाला आमंत्रण येतं ते बहुधा याच लग्नांचं.

फ्रँकफर्टमधल्या इरिट्रियन सहकाऱ्याच्या लग्नाचं शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं आमंत्रण आहे. एकच दिवस जमणार असेल तर कोणता निवडावा? कपडे काय घालावेत, आहेर काय द्यावा? पत्नी शाकाहारी आहे. (फ्रँकफर्ट)

एकच दिवस जमत असेल तर दुसरा. पहिल्या दिवशी चर्च, पांढरा गाऊन, सूट, गाड्यांची मिरवणूक आणि फोटो असतात. अस्मारात ही मिरवणूक हॉर्न वाजवत ताडांच्या रांगांमधून हार्नेत अव्हेन्यूवर फिरते, फ्रँकफर्टमध्ये एखाद्या बागेत थांबते. दुसरा दिवस ‘मेलसी’चा, म्हणजे परतीच्या मेजवानीचा. नवं जोडपं मुलीच्या माणसांत परत येतं, हा त्याचा मूळ अर्थ. गाऊन जाऊन अंगावर सुती पांढरा झुरिया येतो, त्यावर जरीकाम केलेला मखमली झगा, म्हणजे काबा. नवरामुलगाही काबा घालतो. वधूच्या केसांच्या जाड, डोक्याला घट्ट बसलेल्या वेण्या घातलेल्या असतात (‘अल्बासो’), कपाळावर सोन्याचे दागिने, हातापायांना मेंदी. वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, ढोल, कॉफी, सगळं खरं रंगतं ते या दिवशी.

साडी, कुर्ता खुशाल चालेल. दागिन्यांचं कौतुकच होईल. पांढरा रंग लग्नात अशुभ मानत नाहीत, बहुतेक बायका पांढऱ्याच पोशाखात आणि नेत्सेला नावाच्या पातळ ओढणीत दिसतील. पहिल्या दिवशी मात्र पाश्चात्त्य धाटणीचा पांढरा गाऊन वधूसाठी सोडावा. चर्चमध्ये जाणार असाल तर बायकांनी डोकं झाकावं आणि चपला-बूट दाराशी काढावेत.

आहेर रोख, पाकिटात, नाव घालून. तुमच्या दोघांच्या जेवणाचा अंदाजे खर्च आणि वर थोडं, एवढा हिशेब पुरे. भांडी, घड्याळं, फोटोफ्रेम नेऊ नयेत. दोन दिवसांच्या गर्दीत त्या कुठे जातात ते यजमानालाही कळत नाही. गायक किंवा ढोलवाल्यावर खूश होऊन पाहुणे त्याच्या कपाळाला नोट चिकटवतात. ती बक्षिसी वेगळी, तिची सक्ती नाही.

जेवणाचं : ऑर्थोडॉक्स लोक बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपवासांत मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य करतात. म्हणून शाकाहारी स्वयंपाक त्यांना नवा नाही. पण ‘व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारलंत तर कोंबडीच्या रश्श्यातली भाजी पुढे येऊ शकते. ‘नाय त्सोम’, म्हणजे उपवासाचं, असं मागा. शिरो मिळेल : नाव फसवं आहे, पदार्थ हरभऱ्याच्या मसालेदार पिठाचा, आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ. मसूर आणि पालेभाजीही मिळेल. तूप चालत असलं तरी शिरोत तेस्मी घातलंय की तेल, ते विचारून घ्या. तेस्मी म्हणजे मसाले घालून कढवलेलं तूप. मांसाच्या रश्श्याचा डाव त्यात फिरला नाही ना, हेही पाहावं.

सगळे एकाच मोठ्या ताटातून उजव्या हाताने खातात. आपल्या समोरच्या भागातलंच घ्यावं. कोणी हाताने घास भरवला (गुर्शा) तर तो मान आहे, नाही म्हणू नये. पत्नीने शाकाहाराचं आधीच सांगून ठेवलं तर तो घासही तसाच येईल. आणि एखादा वृद्ध उभा राहून आशीर्वाद देऊ लागला की चमचा-पेला खाली ठेवा. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर सगळे ‘आमेन’ म्हणतात, तुम्हीही म्हणा.

त्यांची बहुतेक लग्नं जानेवारी-फेब्रुवारीतच का होतात? मुहूर्त असतो का? (नाशिक)

आपल्यासारखा घटका-पळांचा मुहूर्त नसतो, पण चर्चचं पंचांग कडक असतं. नोव्हेंबरच्या अखेरीस ख्रिस्तजन्माआधीचा उपवास सुरू होतो, तो ७ जानेवारीला सुटतो. ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपवास. या दोन उपवासांत लग्न लागत नाही, कारण मांस-लोणी नसलेल्या मेजवानीला मेजवानी म्हणत नाहीत. मधली फट तेवढी उरते. पठारावरची सुगी तोवर संपलेली असते, कोठारात धान्य असतं, पाऊस नसतो आणि जनावरं अंगाने भरलेली असतात. उपवासाचं कारण धर्माचं, पण या फटीला लग्नसराई केलं ते शेतीने.

फट दर वर्षी सारखी नसते. २०२६ मध्ये ईस्टर १२ एप्रिलला, म्हणून मोठा उपवास १६ फेब्रुवारीला. २०२७ मध्ये ईस्टर २ मे रोजी, उपवास ८ मार्चला. म्हणजे लग्नांना तीन आठवडे जास्त. मोठ्या उपवासाच्या दोन आठवडे आधी सोमवार ते बुधवार असा तीन दिवसांचा निनवेचा उपवासही असतो. परदेशातल्या मुलामुलींची गडबड इथेच उडते : हॉल ‘फेब्रुवारीचा तिसरा शनिवार’ म्हणून धरतात आणि मग आजी येत नाही म्हणते. आधी ईस्टरची तारीख काढावी, त्यातून ५५ दिवस वजा करावेत, मग हॉलला फोन. ईस्टरनंतरही लग्नं होतात, युरोपात तर उन्हाळ्यात सर्रास.

मुस्लिम कुटुंबं रमझान टाळतात, एवढंच.

आमचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याचं एका इरिट्रियन मुलीशी जमलं आहे. ती इथेच शिकते, घरचे अस्मारात आहेत, काका दुबईला. मुलाने स्वतः तिच्या वडिलांना फोन केला, तर ते थंड बोलले. आमचं काय चुकलं? पुढे कसं जावं? (सातारा)

मुलाने स्वतः मागणी घातली, तिथेच घोडं अडलं. तिथे मुलगा स्वतः विचारत नाही. त्याच्या बाजूने ‘शिमागले’, म्हणजे गावात मान असलेली वडील माणसं जातात : वडील, चुलते, एखादा पोक्त शेजारी, कधी धर्मगुरू. मुलीचे वडील पहिल्या भेटीत होकार देत नाहीत, तसा देणं हलकेपणाचं समजतात. ‘विचार करून सांगतो’ हे नकाराचं वाक्य नव्हे. त्या मधल्या काळात मुलाच्या घराण्याची चौकशी होते. म्हणून थंड उत्तराने खचू नका. तुम्ही दोघं आणि घरातलं एखादं वडील माणूस दुबईच्या काकांना भेटा, किंवा निदान वेळ ठरवून व्हिडिओ कॉल करा. मुलाने त्या बैठकीत बोलू नये. ओळख करून देताना नोकरी-पगारापासून सुरुवात नको. आजोबा कोण, गाव कोणतं, घरात कोण कोण, हे आधी.

चौकशीचा मुख्य मुद्दा नात्याचा असतो. तिग्रिन्यांत सात पिढ्यांपर्यंत रक्ताचं नातं निघालं तर लग्न होत नाही. आपल्या हिंदू विवाह कायद्यातला सपिंडाचा नियम वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांवर थांबतो, त्याहून हे बरंच पुढे. त्यांना आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, अशी तीन नावं कागदावर असतात, आणि त्यापुढची घरातल्या जाणत्यांना पाठ. तुमच्या बाबतीत नातं निघायचा प्रश्नच नाही, पण सात पूर्वजांची नावं सांगता आली तर बैठकीत वजन पडेल. लग्नानंतर मुलगी नाव बदलत नाही. पत्रिकेत किंवा फॉर्मवर तिच्या नावापुढे तुमचं आडनाव परस्पर लावू नका. पासपोर्टवर एक आणि विवाह दाखल्यावर दुसरं नाव पडलं की व्हिसाच्या वेळी ते निस्तरायला महिने जातात.

होकार आला की साखरपुडा, ‘हित्से’. मुलाकडून अंगठी, कपडे, ऐपतीप्रमाणे सोनं. हुंड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विषय निघेल. पठारावर ‘गेझ्मी’ नावाचा हुंडा मुलीकडून जात असे : गुरं, धान्य, पैसे. सेराये भागातल्या अद्केमे मिल्गासारख्या जुन्या गावकायद्यांत लग्न हा दोन घरांमधला करार, आणि करार म्हटला की जामीनदार आलाच. स्वातंत्र्ययुद्धात लढणाऱ्या आघाडीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या विवाह कायद्यात बालविवाह, जबरदस्तीचं लग्न आणि हुंडा बंद केला. आज तिथे लग्नाचं किमान वय मुलगा-मुलगी दोघांनाही १८. तुम्ही काही मागू नका, एवढंच.

चर्चमधलं लग्न दोघांचा त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला असल्याशिवाय लागत नाही. तुमच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ हाच मार्ग. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती ३० दिवस लावली जाते. हरकत आली नाही तर नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न, तीन साक्षीदारांसमोर. मुलीचा पासपोर्ट, चालू व्हिसा, पत्त्याचा पुरावा आणि ती अविवाहित असल्याचा दाखला लागेल. दाखल्यासाठी दिल्लीतल्या इरिट्रियाच्या दूतावासाकडे नोटिशीच्या बऱ्याच आधी अर्ज करा, अडकतं ते याच कागदावर. मूळ कागद तिग्रिन्यात असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. ३० दिवस मोजताना तिचा व्हिसा मध्येच संपत नाही ना, ते पाहा.

‘तकलील’ म्हणजे काय? (वसई)

ऑर्थोडॉक्स चर्चमधला मुकुटविधी. दोघं उपाशीपोटी पहाटे चर्चमध्ये जातात. झगे, डोक्यावर मुकुट, पवित्र तेलाचं लेपन, आणि मिस्सेत दोघं एकत्र कम्युनियन घेतात. विधी दोघांच्याही पहिल्या लग्नासाठीच असतो. त्यानंतरचा घटस्फोट चर्च सहजासहजी मानत नाही, म्हणून सगळीच जोडपी या वाटेने जात नाहीत. बरीच जण घरच्यांसमोर करार आणि धर्मगुरूचा आशीर्वाद एवढ्यावर लग्न करतात. ज्याला धर्मगुरू व्हायचं आहे त्याला मात्र हा विधी चुकत नाही, कारण दीक्षेनंतर लग्न करता येत नाही.

आम्ही केटरिंग करतो. इरिट्रियन विद्यार्थ्यांच्या एका लग्नसमारंभाची ६० माणसांची ऑर्डर आली आहे. झिग्नी (मांसाचा तिखट रस्सा), इंजेरा (आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी) आणि त्यांची कॉफी हवी आहे. प्रमाण आणि काळजी सांगा. (पुणे)

आधी एक प्रश्न यजमानांना विचारा : पाहुण्यांत मुस्लिम किती? इरिट्रियात ख्रिस्ती आणि मुस्लिम एकमेकांनी कापलेलं मांस खात नाहीत. मिश्र लग्नात दोन वेगळे बळी, दोन वेगळे आचारी आणि वेगळी भांडी असतात. एकाच पातेल्यातून दोन्ही टेबलांना वाढलं तर निम्मी पंगत न जेवता उठेल. सगळ्यांना हलालच चालेल, असं गृहीत धरू नका.

झिग्नी तिथे बहुधा गोमांसाची. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळूच्या कत्तलीला बंदी आहे, तेव्हा मटण घ्या. मेंढी-बकऱ्याची झिग्नी तिथेही करतात. एक किलो मटणाला एक किलो कांदा हे प्रमाण सोडू नका. रश्श्याला अंग कांद्यानेच येतं. बारीक चिरलेला कांदा आधी तेलाशिवाय मंद आचेवर ३०-४० मिनिटं, लागला तर पाण्याचा हबका मारत परता. मग किलोमागे १०० ग्रॅम तेल किंवा तेस्मी आणि ५०-६० ग्रॅम बरबेरे. बरबेरे ही वाळलेल्या लाल मिरचीची पूड, तिच्यात लसूण, आलं, मेथी, ओवा, कलौंजी, कोरारिमा नावाची वेलची वगैरे. कांदा-लसूण मसाला घालून भागवू नका, पहिल्या घासाला ओळखतील. बरबेरे घातल्यावर १५-२० मिनिटं थोडं थोडं पाणी देत शिजवा. घाई केली तर मिरची कच्ची लागते, पाणी कमी पडलं तर जळून कडू होते. या दोन्ही चुका नंतर दुरुस्त होत नाहीत. मग पाव किलो टोमॅटो, लसूण, मटण, आणि दीड-दोन तास मंद आच. खोबरं, गरम मसाला, कोथिंबीर काही नको. ६० माणसांना १० किलो मटण पुरेल.

इंजेरा हे नाव सगळीकडे चालतं, तिग्रिन्यात ‘ताइता’ म्हणतात. खरं धान्य ताफ. ते मिळालं नाही किंवा परवडलं नाही तर इरिट्रियातही ज्वारी, जव, गहू मिसळतात, म्हणून निम्मी ज्वारी आणि निम्मा मैदा यात कमीपणा नाही. पीठ पाण्यात सैल भिजवून दोन-तीन दिवस आंबवा. वर आलेलं पाणी ओतून टाका, थोडं पीठ पाण्यात शिजवून त्याची पेज परत त्यात मिसळा आणि फुगू द्या. ही पेजेची पायरी गाळली की ताइता तुटते. चांगल्या तापलेल्या तव्यावर बाहेरून आत गोल ओता, डोळे पडले की झाकण ठेवा. एकाच बाजूने भाजायची, उलटायची नाही. डोळे पडले नाहीत तर पीठ कमी आंबलंय किंवा तवा थंड आहे. गरम गरम एकावर एक रचल्या तर चिकटून लगदा होतो. कापडावर पूर्ण निवू द्या. हात दीड हात व्यासाच्या तिथल्या ताइता माणशी दोन लागतात. डोशाच्या तव्यावर करणार असाल तर माणशी चार-पाच धरा, आणि सगळ्या आदल्या दिवशी करून ठेवा.

कॉफीला दीड तास राखून ठेवा. हिरव्या बिया सगळ्यांसमोर भाजायच्या, धूर पाहुण्यांपुढे फिरवायचा, कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायची. आलं चालतं. तोंडाला काथ्याचा बोळा गाळणी म्हणून. फिंजाल नावाच्या बिनकानाच्या छोट्या वाट्यांत भरपूर साखर घालून द्यायची. फेऱ्या तीन : अवेल, कालाय, बेरेका. प्रत्येक वेळी त्याच चोथ्यात नवं पाणी, म्हणून तिसरी पातळ. सोबत धूप आणि लाह्या. एका जेबेनात दहाएक वाट्या निघतात, तेव्हा ६० जणांना सहा जेबेना आणि सहा जणी लागतील. जेबेना नसल्या तर थर्मासमधून वाढू नका, त्यापेक्षा हा भाग यजमानांच्या बायकांवर सोपवा.

सुवा, म्हणजे मोड आणलेलं धान्य, भाजलेली भाकरी आणि गेशोचा कडू पाला यांची घरगुती बिअर, मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती आंबवणं गुन्हा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत इरिट्रियात असताना रस्त्यात तंबू ठोकून चाललेली लग्नं पाहिली. लोक गोल फिरत होते. तो काय प्रकार? (अमरावती)

तंबू म्हणजे ‘दास’. घरासमोरची गल्ली अडवून खांब रोवतात, वर ताडपत्री, आतून कापड, कडेने बाकं. जुन्या रीतीत वर झाडांच्या फांद्या. तो शेजारी मिळून उभारतात आणि बरबेरे कुटणं, सुवा घालणं यासाठी बायका आठवडे आधीपासून जमतात.

गोल म्हणजे ‘ग्वाय्ला’. खांद्याला अडकवलेला मोठा दुतोंडी ढोल (केबेरो) आणि क्रार या तंतुवाद्याची साथ. रांग घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश चालते, हलतात ते खांदे. ढोलाची लय बदलली की चालणं थांबतं, लोक समोरासमोर होऊन गुडघ्यात वाकत खांदे जोरात झटकतात. मग पुन्हा चाल. मध्ये बायकांची ‘एलल्ता’, जिभेने काढलेली उंच किलकारी. सामील व्हायचं तर रांगेत मध्येच घुसू नका, शेवटी लागा.

अफार लोकांत आत्याच्या मुलीशी लग्न करतात असं वाचलं. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, तसंच का? (सोलापूर)

तसंच नाही, दिशा उलटी आहे. आपल्याकडे जिथे ही चाल आहे तिथे मुलगा मामाची मुलगी करतो, म्हणजे भाची आत्याच्या घरी सून होऊन जाते. अफारांच्या ‘अब्सुमा’ पद्धतीत मुलाचा हक्क आत्याच्या मुलीवर, म्हणजे मुलगी मामाच्या घरी सून होते. तांबड्या समुद्राच्या कोरड्या किनाऱ्यावर गुरं राखणाऱ्या समाजात याचा अर्थ असा, की घराण्याने बाहेर दिलेली मुलगी पुढच्या पिढीत लेकीच्या रूपाने परत येते. अडचण हक्काच्या भाषेतच आहे : मुलीला दुसरा पसंत असला तर त्या हक्कदाराची समजूत घालावी लागते, भरपाई द्यावी लागते, आणि भांडणंही होतात. सात पिढ्या मोजणारे तिग्रिन्या याकडे चकित होऊनच पाहतात.

इतर समूहांचं थोडक्यात. पश्चिमेला बारेंतूकडचे कुनामा मातृवंशीय : मूल आईच्या कुळाचं, म्हणून लग्नात मामाचा शब्द मोठा. रशैदा एकोणिसाव्या शतकात अरबस्तानातून आलेले, लग्नं आपसातच करतात, बायकांच्या चेहऱ्यावर चांदीच्या तारेने भरलेला बुरखा. तिग्रे, साहो, नारा यांच्यात बहुतेक मुस्लिम : निकाह आणि मेहर, लग्न-घटस्फोटाचे वाद शरिया न्यायालयाकडे. तिग्रे लग्नातला ‘शलील’ नाच मात्र पाहावा असा, बायका वेण्या झटकत नाचतात. केरेनच्या बिलेनांत मुस्लिमही आहेत आणि कॅथलिकही, त्यामुळे बिलेन लग्नाचं आमंत्रण आलं तर कपडे आणि जेवण यांचा अंदाज बांधण्याआधी घर कोणत्या धर्माचं आहे ते विचारून घ्या.